टर्बो गाडीचं पहिलं वर्ष: आधी टायर, मग ब्रेक, इंजिन सगळ्यात शेवटी

गाडी घेऊन आठ दिवस झालेले असतात, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसतं, आणि पोरगा विचारतो, "दादा, स्टेज वन कुठे करून घेऊ?" नाशिकच्या गंगापूर रोडला चहासाठी उभा राहिलो की महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. स्टेज वन म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलण्याची, म्हणजेच रीमॅपची, पहिली पायरी. मी उलटा विचारतो, "पुढच्या टायरमध्ये हवा किती आहे?" उत्तर येत नाही.

त्या पोरासाठी हे लिहितोय. माझा क्रम ठरलेला आहे: नीट बघून गाडी घ्यायची, सहा महिने आहे तशी चालवायची, मग टायर, ब्रेक, ऑइल आणि कूलंट, वाटलं तर सस्पेन्शन, आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हेच उलट्या बाजूने करतात. आधी कळस, मग पाया. मीही तसंच केलं होतं, त्याची गोष्ट पुढे येईल.

पायरी १: या गाड्या अशा का आहेत?

आपल्याकडच्या परवडणाऱ्या टर्बो गाड्यांचं इंजिन एक किंवा सव्वा लिटरचंच का, याचं उत्तर करात आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. जीएसटी आला तरी ही रेषा पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून रेषेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीवर ४० टक्के कर आहे. त्यामुळे कंपन्या इंजिन लहान ठेवतात आणि ताकद टर्बोतून काढतात. बाराशे सीसीच्या वरचं इंजिन असलेली छोटी गाडी इथे का टिकत नाही, तेही यावरून समजतं.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरचे दोन पंखे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे होतात, आणि हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेलाची ही गोष्ट लक्षात ठेवा.

नाशिककरांना टर्बोचा एक जादा फायदा आहे, तो शोरूममध्ये कोणी सांगत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, म्हणजे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. साध्या इंजिनाची ताकद इथे तेवढी कमी होते. टर्बो मात्र थोडा जास्त फिरून ती तूट भरून काढतो. मुंबईत बरोबरीने पळणाऱ्या दोन गाड्यांपैकी टर्बोवाली इगतपुरीला पुढे का निघते, त्याचं कारण हे. पण याची दुसरी बाजूही आहे. ती रीमॅपच्या वेळी बघू.

पायरी २: कागदावर तुलना करा, पण कोणते आकडे बघायचे ते ठरवून

ब्रोशरवर पीएसचा, म्हणजे इंजिनाच्या कमाल ताकदीचा, आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तो मिळतो पाच-सहा हजार आरपीएमला, आणि द्वारका चौक ते मुंबई नाका या रस्त्यावर तुम्ही तिथे कधीच पोचत नाही. बघायचं ते टॉर्क (चाक फिरवणारा जोर, एनएममध्ये) किती, कोणत्या आरपीएमपासून कोणत्या आरपीएमपर्यंत, आणि गाडीचं वजन किती.

ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन २०२१मध्ये आली. एक लिटर, १२० पीएस, १७२ एनएम, आणि हा टॉर्क १५००पासून ४०००पर्यंत सपाट. चारही चाकांना डिस्क. आधी क्लचच्या पेडलशिवायचा आयएमटी गिअरबॉक्स होता, २०२३मध्ये त्याच्या जागी साधा सहा गिअरचा मॅन्युअल आला. जुनी घेत असाल तर माझं मत मॅन्युअलच्या बाजूने.

टाटाची अल्ट्रोज आयटर्बो २०२१ची, ११० पीएस आणि १४० एनएम. चालवायला आरामशीर, पण अंगावर येणारी नाही. २०२४च्या अल्ट्रोज रेसरमध्ये तेच सव्वा लिटर इंजिन १२० पीएस आणि १७० एनएमवर गेलं, सोबत सहा गिअर. दोन्ही चालवल्या की तीस एनएम म्हणजे काय ते पायाला कळतं. मागे मात्र ड्रम ब्रेक आहेत.

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय दोन प्रकारची मिळते, आणि जुन्या बाजारात लोक त्यांची गल्लत करतात. २०१३मध्ये आलेली चार सिलिंडरची १.२ लिटर, १०५ पीएस, सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीसह (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). २०२०नंतरची तीन सिलिंडरची एक लिटर, ११० पीएस. टॉर्क दोन्हींचा १७५ एनएम. नवी पोलो २०२२पासून मिळत नाही. जुन्या डीएसजीवाल्या गाडीचं रांगणाऱ्या गर्दीत फार वय होतं, त्यामुळे ती आधी कोणत्या शहरात होती हे विचाराच.

मारुती बलेनो आरएस मला नेहमी कमी लेखली गेलेली गाडी वाटते. १०२ पीएस ऐकून लोक नाक मुरडतात, पण वजन फक्त ९५० किलो. भागाकार करून बघा: टनाला १०७ पीएस. २०१७ ते २०२० एवढीच ती विकली गेली. तिचं बूस्टरजेट इंजिन नंतर फ्रॉन्क्समध्ये १०० पीएसवर आलं, पण फ्रॉन्क्स उंच आहे आणि वळणावर ते जाणवतं.

टियागो जेटीपी २०१८ची, ११४ पीएस आणि १५० एनएम. टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेम कंपनीने मिळून केलेली. मोजक्याच विकल्या गेल्या, म्हणून सुटे भाग शोधायची तयारी असेल तरच घ्या.

आता गावची गाडी. महिंद्राची एक्सयूव्ही थ्री-डबल-ओ सातपूरच्या कारखान्यात बनायची, तिची जागा घेतलेली थ्री-एक्स-ओही तिथलीच. तिच्या टर्बोस्पोर्ट प्रकारातलं टीजीडीआय इंजिन १३० पीएस आणि तब्बल २३० एनएम देतं. ती हॅचबॅक नाही, उंच आहे, वजनदार आहे. पण घाटात चौथ्या गिअरमध्ये ती जशी वर चढते, तशी या यादीतली दुसरी चढत नाही. घरच्यांना घेऊन वणीला जायचंय आणि एकट्याने गाडी पळवायचीही आहे, अशा माणसाला मी हीच सांगतो.

आणि एक जुनं प्रेम: फियाटची अबार्थ पुंतो. २०१५, ९.९५ लाख, १.४ लिटर, १४५ पीएस, २१२ एनएम. बाराशे सीसीची रेषा ओलांडणारी ही गाडी रांजणगावात बनली. स्टिअरिंग असं, की पुढच्या चाकाखाली खडा आला तरी बोटांना कळावं. पण पहिली गाडी म्हणून घेऊ नका. भाग मिळवण्यात निम्मा छंद संपेल.

हे सगळं एका कागदावर लिहा, आणि शेजारी एक रकाना काढा: तुमच्या घरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब. मी हा रकाना विसरलो होतो.

पायरी ३: जुनी गाडी बघायला सकाळी जा

सकाळी सातला, आणि मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर परत या.

थंड इंजिन सुरू झाल्यावर मागे उभं राहा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, मग टर्बोचं सील असेल नाहीतर पिस्टनच्या रिंगा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेनबद्दल विचारा. इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या जोडावर बोट फिरवा. थोडा तेलकटपणा चालतो, ओघळ चालत नाही. ऑइलचं झाकण उघडून आत काळा चिकट गाळ दिसला तर गाडीचं ऑइल वेळेवर बदललेलं नाही. टर्बो गाडीत हा एक गुन्हा बाकी सगळ्यांवर भारी.

मग ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर मोबाइलवर दाखवणारा) ब्लूटूथ डोंगल लावा, छोटी वस्तू आहे, स्वतःची घ्याच. एरर नुसते वाचू नका, ते कधी पुसले गेले तेही बघा. "कोड पुसल्यानंतर अंतर: १२ किमी" असं दिसलं, तर काल संध्याकाळी कोणीतरी चेक इंजिनचा दिवा घालवलाय.

आधी रीमॅप केलेली गाडी ओळखणं अवघड असतं, कारण विकताना मूळ फाइल परत टाकतात. पण खुणा राहतात: एअर बॉक्सचे झिजलेले स्क्रू, महागडे टायर फक्त पुढच्या दोन चाकांना, चढावर चौथ्या गिअरमध्ये दाबलं की वेग न वाढता आरपीएम चढणं. यातलं शेवटचं म्हणजे क्लच घसरतोय.

कागदपत्रांत आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष जुळवा, कर्जाची नोंद उतरली आहे का बघा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडी एमएच-१५ नसेल तर आधीच्या आरटीओची एनओसी लागेल. "नंतर देतो" म्हणणाऱ्याला टोकनही देऊ नका.

पायरी ४: टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

शोरूमवाला कॉलेज रोडला एक चक्कर मारून आणतो. त्याने काही कळत नाही. तीन गोष्टी करू द्या असा आग्रह धरा.

पहिली, गर्दी. एसी चालू ठेवून पंधरा मिनिटं द्वारकाच्या गर्दीत. डीसीटी (डीएसजीसारखाच दोन क्लचचा गिअरबॉक्स) किंवा डीएसजी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते का, क्लच पाय दुखवतो का, ते इथे समजतं.

दुसरी, पुलावरचा पल्ला. पाथर्डी फाट्याकडून उड्डाणपुलावर चढा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर स्थिर राहा, आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा ८० पर्यंत जा. शेजारी बसलेल्याने स्पीडोमीटरचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. घरी येऊन सेकंद मोजा. प्रत्येक गाडीला हाच गिअर, हाच पल्ला, शक्यतो त्याच वेळी. शून्य ते शंभरच्या आकड्यापेक्षा हा आकडा कैक पटींनी उपयोगी आहे, कारण ट्रकला ओलांडताना आपण ४० ते ८० मध्येच असतो. मात्र गाड्यांमधल्या गिअरच्या लांबीतला फरक लक्षात घ्या: एखादी गाडी तिसऱ्यात मंद आणि दुसऱ्यात झकास असू शकते.

तिसरी, चढ. वेळ दिला तर सिन्नरकडचा मोहदरी घाट, नाहीतर पेठ रोड. उतारावर येताना चार-पाच वेळा ब्रेक लावून बघा, पेडल पहिल्यासारखंच कडक राहतंय का.

पायरी ५: सहा महिने हात लावायचा नाही

हे सांगितलं की पोरांची तोंडं उतरतात. पण बदल केल्यावर फरक पडला की नाही, हे ठरवायला आधीची मोजमापं लागतात. नाहीतर नव्या आवाजालाच आपण पिकअप समजतो.

एक वही करा. त्यात दर टाकीला ॲव्हरेज, कोणतं पेट्रोल, वर सांगितलेला ४० ते ८० चा वेळ महिन्यातून एकदा, आणि डोंगलवरून इनटेक हवेचं तापमान. एप्रिल-मेमध्ये हे शेवटचं जरूर बघा. बाहेर ४० अंश, गाडी गर्दीत उभी, इंटरकूलर तापलेला, आणि इंजिनात जाणारी हवा ७० अंशांच्या आसपास. त्या क्षणी कॉम्प्युटर स्वतःच इंजिनाची ताकद कमी करतो. "दुपारी गाडी ओढत नाही" ही तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला चकरा मारणाऱ्यांपैकी निम्म्यांची गाडी ठणठणीत असते, ती फक्त तापलेली असते.

याच काळात चालवायची सवय बदला. नव्या लहान टर्बो इंजिनांत बहुतेकांना डायरेक्ट इंजेक्शन असतं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं जातं. पाचव्या गिअरमध्ये, बाराशे-तेराशे आरपीएमवर, ॲक्सिलरेटर तळाला दाबला तर सिलिंडरमध्ये ठिणगीच्या आधीच भडका उडू शकतो. एखादा जोराचा भडका पिस्टन फोडायला पुरतो. ॲव्हरेज वाचवण्यासाठी वरच्या गिअरमध्ये दामटणारे इथेच फसतात. ओव्हरटेक करायचाय? आधी गिअर खाली घ्या.

पायरी ६: टायर

गाडीचं जमिनीशी नातं चार तळव्यांएवढ्या रबराचं. इंजिनाची ताकद, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं त्यातूनच जातं. म्हणून पहिला पैसा इथे.

आधी बाजूच्या भिंतीवरचा चार अंकी आकडा वाचा. ३२२३ म्हणजे २०२३च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात नवे म्हणून दाखवलेले टायर दोन वर्षं पडून असलेले मला दोनदा मिळाले आहेत. स्पीड रेटिंग बघा: एच म्हणजे २१० किमीपर्यंत, व्ही म्हणजे २४०. समृद्धीवर १२० ने तासभर काँक्रीटवर चालवणार असाल तर रेटिंग आणि हवा या दोन्हींत तडजोड नको. हवा सकाळी, थंड टायरमध्ये, दरवाजाच्या पट्टीवर लिहिलेली.

आकार बदलायचा तर हिशेब करा. आय-ट्वेंटी एन लाइनचा १९५/५५ आर १६ घेऊ. १९५ चे ५५ टक्के १०७ मिमी, दोन बाजूंचे २१४, रिम १६ इंच म्हणजे ४०६. एकूण व्यास साधारण ६२१ मिमी. त्याच रिमवर २०५/५५ बसवला तर ६३२, म्हणजे जवळपास दोन टक्के मोठा. स्पीडोमीटर कमी दाखवेल, गाडी किंचित मंद होईल. १७ इंची रिमवर २०५/४५ घेतला तर ६१६, व्यास जवळपास तोच. पण टायरची भिंत १५ मिमीने पातळ झाली. पावसाळ्यानंतरचे अंबडचे रस्ते आठवा आणि ठरवा. मी स्वतः मूळ आकारातच चांगल्या कंपनीचा टायर घेतो. दोन रिम वाकवून झाल्यावर आलेलं शहाणपण आहे हे.

बदलल्यावर अलाइनमेंट करा, आणि मशीनचा छापील कागद मागून घ्या. "केलंय साहेब" एवढ्यावर पैसे देऊ नका.

पायरी ७: ब्रेक

काही वर्षांपूर्वी कसारा घाट उतरताना माझ्या गाडीचं ब्रेक पेडल हळूहळू मऊ झालं. चौथ्या-पाचव्या वळणाला ते जवळजवळ तळाला गेलं. गिअर खाली घेत, हँडब्रेक अलगद ओढत गाडी कडेला लावली. डिस्क, पॅड सगळं नवं होतं. गाडीत दोष नव्हता, माझ्यात होता: ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात कॅलिपर तापला की आतलं तेल उकळतं, बुडबुडे होतात, आणि पाय दाबतो तो बुडबुड्यांना. दर दोन वर्षांनी बदला. या लेखातला सगळ्यात स्वस्त बदल हाच आहे, आणि कोणी फोटो काढावा असं त्यात काही नाही.

त्यानंतर चांगले पॅड. रेसिंगचे नकोत, ते थंड असताना धरतच नाहीत आणि सकाळी पहिल्याच सिग्नलला घाम फोडतात. मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याच्या भानगडीत पडू नका. एबीएसची जुळणी मूळ ब्रेकसाठी केलेली असते.

पायरी ८: ऑइल, प्लग, पेट्रोल

कंपनी दहा हजार किमी सांगत असेल आणि तुम्ही गाडी दामटत असाल, तर सात हजारांवर ऑइल बदला. डब्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जा आहे का बघा. आधी सांगितलेल्या त्या भडक्याची चाचणी एपीआय एसपी या दर्जात अंतर्भूत आहे, तो २०२०पासून आला. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. मिनिटभर गाडी तशीच चालू राहू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल जागच्या जागी करपतं.

पेट्रोलमध्ये आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, ते टर्बोला चांगलंच. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. एप्रिल २०२३च्या आधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या. मूळ अवस्थेतल्या गाडीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल घालणं म्हणजे बहुधा पैसे जाळणं. वही आहेच, दोन टाक्या घालून स्वतः मोजा.

पायरी ९: सस्पेन्शन

थोडक्यात सांगतो. नुसत्या स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली आणू नका, मूळ शॉकअब्सॉर्बर त्यांच्याशी जुळत नाहीत. आपल्याकडचे स्पीडब्रेकर कोणत्या मापाने घालतात हे तुम्हाला माहीत आहे. साठ-सत्तर हजार किमी झालेल्या गाडीत मूळचेच नवे शॉक आणि बुश टाका. निम्म्या लोकांना तेवढ्यानेच "गाडी बदलली" असं वाटतं.

पायरी १०: आवाज आणि कायदा

मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, फुस्स करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, उघडा कोन फिल्टर. तिन्ही कानाला गोड, कामाचं त्यात फार थोडं. उघडा फिल्टर तर बोनेटखालची गरम हवाच ओढतो, म्हणजे आधी बघितलेलं तापमान आणखी वाढवतो. मूळ बॉक्समध्ये बसणारा धुऊन वापरायचा फिल्टर पुरे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. २०१९च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९०: पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स बंद. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून "डाउनपाइप" टाकणाऱ्याला हे कलम सरळ लागू होतं. मी ते करत नाही आणि कोणाला करा म्हणत नाही.

विम्याचंही बघा. केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर तोच मुद्दा पुढे येतो. लेखी कळवा, पोच घ्या. वॉरंटीत असलेल्या गाडीला इंजिनाच्या बाबतीत हात लावायचाच नाही.

पायरी ११: आता विचारा, रीमॅप करायचा का

दोन रस्ते आहेत. ट्यूनिंग बॉक्स सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो, म्हणून कॉम्प्युटर आणखी दाब मागतो. काढून टाकता येतो, पण तो थापा मारूनच काम करतो. रीमॅपमध्ये कॉम्प्युटरमधली फाइलच बदलते: दाब, ठिणगीची वेळ, इंधन, तापमानाच्या मर्यादा. नीट केलेला रीमॅप केव्हाही बरा, वाईट केलेला मात्र बॉक्सपेक्षा धोकादायक.

माझी गोष्ट ही. बॉक्स लावला होता, टायर जुनेच, प्लग जुनेच. इगतपुरीच्या अलीकडे ट्रकला ओलांडताना गाडी अचानक मेली, दिवा लागला, ऐंशीच्या वर जाईना. लिम्प मोड, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच ताकद कमी करून ठेवलेली. मागे ट्रकवाल्याचा हॉर्न. दोन दिवसांनी सातपूरच्या मिस्त्रीकाकांनी प्लग काढून हातावर ठेवला. "साहेब, दाब वाढवला आणि प्लगची फट तीच ठेवली. ठिणगी विझते की नाही?" दाब वाढला की ठिणगी फुंकून विझते, हे मला त्या दिवशी कळलं.

पायरी १ मधली उधारीही इथेच चुकवायची आहे. समजा फाइल इंजिनात एकूण २ बार दाब मागते. मुंबईत बाहेरची हवा १.०१ बार, म्हणजे टर्बोला ती १.९८ पट दाबायची. नाशिकला बाहेर ०.९४ बार, म्हणजे २.१३ पट. तीच फाइल, तोच टर्बो, पण इथे तो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. म्हणून मुंबईत तयार केलेली फाइल पेन ड्राइव्हवर आणून टाकणाऱ्याला नाही म्हणा.

ट्यूनरला हे विचारा: आधी आणि नंतर डायनोवर (चाकांची ताकद मोजणारं यंत्र) मोजून दाखवाल का? रस्त्यावर लॉग घेऊन फाइल जुळवणार की तयार फाइल टाकणार? नॉक (सिलिंडरमधला अवेळी भडका) आणि इनटेक तापमानाच्या संरक्षक मर्यादा तशाच ठेवल्यात का? माझ्या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा किती? शेवटचा प्रश्न त्याला अडवतो. जुन्या पोलोतल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादा २५० एनएम आहे. मॅन्युअल गाडीत पहिला बळी क्लचचा जातो, तेव्हा त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा. पंधरा ते पंचवीस टक्के वाढ सांगणाऱ्याशी पुढे बोला. चाळीस टक्के सांगणाऱ्याला चहा पाजा आणि निघा.

झाल्यावर वही काढा. तोच पूल, तोच गिअर, तेच ४० ते ८०.

पळवायची असेल तर सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा कलम १८९खाली गुन्हा आहे, आणि पेठ रोडवर संध्याकाळी बैलगाड्याही असतात. नाशिक परिसरात राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत. तिथे आधी मदतनीस म्हणून जा, मार्शलच्या शेजारी उभं राहून बघा. ट्रॅकवरच जायचं तर कोइम्बतूरचा करी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, तिथे ट्रॅक डे होतात.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, फिल्टर, पॅड, प्लगसुद्धा, गोणपाटात गुंडाळून तारीख लिहून माळ्यावर ठेवा. ट्यूनरकडून मूळ फाइलची प्रत मागून दोन ठिकाणी जपून ठेवा. गाडी विकताना घेणारा सकाळी सातला येईल आणि बोनेटवर हात ठेवेल.